गीता १८.३६-३९ : बुटांची पट्टी आणि तीन प्रकारची सुखं



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं, श्लोक ३६ ते ३९. चारच श्लोक आहेत. त्यात भगवंत अर्जुनाला सुखाचे तीन प्रकार सांगतात. पहिलं सात्त्विक. ते सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृत होतं. त्याची गोडी लागते ती अभ्यासाने, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्याने. दुसरं राजस, अगदी उलट : आधी अमृत, मग विष. तिसरं तामस : आधीही भूल आणि नंतरही भूल. ते झोप, आळस आणि प्रमाद यांतून येतं. प्रमाद म्हणजे हलगर्जीपणा. काय करायचं ते माहीत असतं, तरी आपण करत नाही, तो.

हे श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. प्रवचनात याची उदाहरणं ठरलेली असतात : पहाटे उठणं, व्यायाम, परीक्षेचा अभ्यास. मलाही तेवढंच कळलं होतं. त्यांचा खरा अर्थ कळला तो गेल्या चार वर्षांत, माझ्या मुलीच्या उजव्या पावलामुळे. यात माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय हे चिंतन पूर्ण होणार नाही.

आत वळलेलं पाऊल

चिऊ (घरातलं नाव) जन्मली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, टाच वर ओढलेली आणि तळवा डाव्या पायाकडे. याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकाला हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. हाड मोडलेलं नसतं. पावलाचे सांधे आणि त्यांना बांधणारे स्नायुबंध पोटात असतानाच चुकीच्या दिशेने आखडलेले असतात. बहुतेक बाळांमध्ये नेमकं कारण सापडत नाही.

पण आपल्याकडे कारण लगेच सापडतं! बारशाच्या आधीच एका नातेवाईक बाईंनी बायकोला विचारलं, "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?" ती काही बोलली नाही. रात्री मात्र मला म्हणाली, "मी त्या दिवशी खरंच भाजी चिरली होती." नऊ महिने बाळाला पोटात वाढवलेल्या आईच्या मनात आपण किती सहज विष कालवतो बघा. मंडळी, ग्रहणाने पाय वाकडे होत नाहीत. कुणाच्या घरी असं बाळ जन्मलं तर हा प्रश्न तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

जोर न लावता

उपचारांची पद्धत डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांची. हे १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करताना त्यांना दिसलं, की लहानपणी मोठी ऑपरेशन करून सरळ केलेली पावलं मोठेपणी ताठर आणि दुखरी होतात. म्हणून १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दुसरा मार्ग धरला. तान्ह्या बाळाचे स्नायुबंध मऊ असतात. पाऊल हाताने हळूच, जेवढं सहज येईल तेवढंच फिरवायचं आणि तिथे प्लास्टरने धरून ठेवायचं. आठवड्याने प्लास्टर काढायचं, अजून थोडं फिरवायचं, पुन्हा प्लास्टर. डॉक्टरांच्या जगाने कित्येक दशकं या पद्धतीकडे फारसं लक्ष दिलं नाही. आज ती जगभर पहिला उपचार म्हणून वापरली जाते. पॉन्सेटी २००९ साली गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन.

चिऊला नवव्या दिवशी पहिलं प्लास्टर लागलं, मांडीपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात. अशी सहा प्लास्टरं झाली. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं बाहेर येताना डोळ्यांनी दिसायचं. मग टाचेमागचा आखडलेला टेंडन एका बारीक छेदाने मोकळा केला आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं. तेवढ्या काळात टेंडन पुन्हा जुळून येतो, पण लांबी वाढलेली असते. प्लास्टर निघालं तेव्हा पाऊल सरळ होतं. आम्ही पेढे वाटले.

पेढे थोडे लवकर वाटले.

मेंटेनन्स

डॉक्टर मॅडमनी एक ब्रेस हातात दिला. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी एक पट्टी. उजवा बूट ७० अंश बाहेर वळवलेला, डावा ४० अंश. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार वर्षांची होईपर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत. त्या म्हणाल्या, "ब्रेस पाय सरळ करत नाही. सरळ झालेला पाय तसा ठेवतो. हा सोडलात तर पाऊल परत वळेल."

आयटीतल्या मंडळींना लगेच कळेल. प्लास्टर म्हणजे डेव्हलपमेंट, रोज प्रगती दिसते. ब्रेस म्हणजे मेंटेनन्स. त्यात काहीच दिसत नाही. नीट चाललं तर काही घडत नाही आणि त्याचे पेढे कुणी वाटत नाही.

पहिल्या रात्री चिऊ तीन तास रडली. दोन्ही पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून चिडायची. मॅडमनी सांगितलं होतं : पट्टी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवा आणि सरळ करा, खेळ करा, तिला जमेल. आणि एक बजावलं होतं : रडली म्हणून काढलात तर ती शिकेल, की रडलं की निघतो. आम्ही नेटाने ते केलं. चौथ्या दिवशी ती दोन्ही पायांनी पट्टी गादीवर आपटून हसायला लागली. वर्षाची झाल्यावर चालली. सगळे म्हणाले, देवाची कृपा.

माझी चूक

चिऊ दीड वर्षाची असताना गावाला लग्न होतं. घर माणसांनी भरलेलं, गर्मी, आणि रात्री ब्रेस घालताना ती किंचाळली. आई म्हणाली, "लेकराला रात्रभर बांधून ठेवता, काळीज आहे का तुम्हाला?" मी ब्रेस काढला. ती माझ्या खांद्यावर लगेच झोपली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुण्याला परतल्यावर आठवड्यातून एखादी रात्र सुटायला लागली. मग दोन-तीन. माझी रात्रीची रिलीज असायची, बायकोची सकाळची शिफ्ट, "उद्यापासून नक्की" असं म्हणायचो. दीड-दोन महिन्यांनी ब्रेस कपाटाच्या वरच्या खणात होता आणि तो तिथे कुणी ठेवला ते दोघांनाही आठवत नव्हतं.

एके दिवशी ती ओल्या पायांनी बाथरूममधून बाहेर आली. फरशीवर डाव्या पायाचा पूर्ण ठसा, उजव्याची फक्त पुढची बाहेरची कडा. टाच टेकतच नव्हती.

मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ती रडते म्हणून काढत होता, की तुम्हाला ऐकवत नव्हतं म्हणून?"

पुन्हा तीन प्लास्टरं लागली. यावेळी ती चालणारी, बोलणारी मुलगी होती. प्लास्टरवर हात मारून "काढ, बाबा, काढ" म्हणायची. ते मी काढू शकत नव्हतो.

श्लोक पुन्हा वाचताना

त्या रात्री मी हेच चार श्लोक काढून बसलो आणि माझे दोन महिने मला त्यात क्रमाने लिहिलेले दिसले. लग्नघरातली ती पहिली रात्र म्हणजे राजस सुख, आधी अमृत. नंतरच्या रात्रींमध्ये तर तेही सुख नव्हतं. नुसती झोप, आळस आणि प्रमाद. भगवंतांनी तामस सुखाची जी तीन कारणं सांगितली, तीच तीन. मी स्वतःला समजावत होतो की हे माझं प्रेम आहे. पहिल्या रात्री कदाचित होतंही. दहाव्या रात्री नव्हतं.

अजून एक गोष्ट टोचली. श्लोक वाचताना आपण धरून चालतो की आधीचं अमृत आणि नंतरचं विष एकाच माणसाच्या वाट्याला येतं. घरात तसं होत नाही. अमृत मी प्यायलो, विष चिऊला मिळालं. माझा रात्रीचा आराम तिच्या टाचेतून वसूल झाला. आईबाप, बॉस, लहानमोठा अधिकार असलेला कुणीही असो, आपलं राजस सुख बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर कर्ज काढून घेतलेलं असतं.

पण उलटी गल्लतही करू नका. विषासारखी लागणारी प्रत्येक गोष्ट सात्त्विक नसते. हट्टाने स्वतःला किंवा दुसऱ्याला पीडा देणाऱ्या तपाला सतराव्या अध्यायात (१७.१९) भगवंत तामसच म्हणतात. पॉन्सेटींचं सगळं म्हणणंच होतं की जोर लावू नका. ब्रेस घालतानाही बाळ रडलं तर आधी टाच तपासायची : लाली आहे का, फोड आलाय का, टाच बुटात नीट बसली आहे का. खरं दुखत असेल तर डॉक्टरांकडे जायचं. दुखत नसेल तर जवळ घ्यायचं, गाणं म्हणायचं, पण ब्रेस ठेवायचा. सात्त्विक सुख हे निर्मळ झालेल्या बुद्धीतून येतं असं श्लोक सांगतो, ते मला असं समजलं. नुसतं कठोर होणं सोपं आहे आणि नुसतं विरघळणंही सोपं आहे. रोज रात्री बघून, विचार करून, मायेने तेच करणं अवघड, आणि त्यालाच अभ्यास म्हणतात.

पुढची अडीच वर्षं आम्ही एकही रात्र चुकवली नाही. आईच रोज साडेआठला हाक द्यायची, "चिऊचे बूट आणा रे." चिऊ स्वतः पाय पुढे करायची, शेवटी शेवटी तर बाहुलीलाही ब्रेस घालायची.

गेल्या महिन्यात मॅडमनी ब्रेस बंद केला. या आषाढीला चिऊने पाट ओढला, त्यावर चढली आणि फोटोतल्या पांडुरंगासारखे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दोन्ही टाचा टेकलेल्या. विठोबाला समचरण म्हणतात, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आई हात जोडून बघत राहिली. मी मात्र खाली वाकून पाटावरच्या टाचाच बघत होतो.

आजचा अभ्यास

१. तुमच्या आयुष्यातला "ब्रेस" कोणता? चांगलं चाललंय म्हणून सोडून दिलेला नेम, औषध, फोन, माफी? तो आज रात्री पुन्हा सुरू करा. उद्यापासून नको.

२. "मी हे प्रेमाने करतोय" असं वाटेल तेव्हा एकदा विचारा : आराम कुणाला मिळतोय आणि किंमत कोण देतंय?

३. ओळखीत कुणाच्या बाळाचं पाऊल असं वळलेलं असेल तर मालिशवर वाट बघत बसू नका, पहिल्या काही आठवड्यांतच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात विचारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे आणि उपचार मोफत होतात.

उद्या श्लोक ४०. तोवर आपापले बूट सांभाळा!

राम कृष्ण हरी.