आजारी मैत्रिणीला भेट काय द्यावी?



गेल्या सत्रात नववीच्या पाच-सहा मुली माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्या वर्गातील एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला असून तिची केमोथेरपी सुरू आहे, हे शाळेत सर्वांना ठाऊक होते. (आई-वडिलांच्या संमतीने लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही.) "मॅडम, आम्ही प्रत्येकी पन्नास रुपये काढलेत. मोठा टेडी बेअर, फुलांचा बुके आणि पेढे घेऊन रविवारी सगळा वर्ग तिच्या घरी जाणार आहोत. परवानगी द्या." मुलींचा हेतू निर्मळ होता, तरी मी नाही म्हटले. मुली हिरमुसल्या. त्या दिवशी त्यांना घाईत कारण सांगितले, ते येथे सविस्तर सांगते.

केमोथेरपीची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच, पण आपल्या हाडांतील मगज, तोंडाच्या आतील अस्तर आणि केसांची मुळे यांतील पेशीही भराभर वाढतात. त्यामुळे औषध घेतल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वात कमी होतात. त्या आपल्या शरीराच्या राखणदार. राखणदारच नसले की बुकेच्या पाण्यातले जंतू, केसाळ खेळण्यातली धूळ, उघड्यावरचे पेढे, हे सगळे धोक्याचे ठरते. सर्वात मोठा धोका आपण स्वतः! चाळीस मुलांत एकाला तरी सर्दी असणारच. कांजिण्यांचे तर विचारूच नका. अंगावर फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या दुसऱ्याला लागतात. घरात कोणाला कांजिण्या झाल्या असतील तर भेटायला जाऊ नका आणि आधी भेटून आला असाल तर तिच्या आईला लगेच फोन करा. हा फोनसुद्धा भेटच समजा.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'उपहार' म्हणजे भेटवस्तू आणि मराठीत 'उपाहार' म्हणजे फराळ. सुरुवातीला मी या दोन शब्दांत फार गोंधळत असे. पण आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सगळेच तो गोंधळ करतो. भेट म्हटली की डबा!

मीही तेच केले होते. निपाणीत आमच्या शेजारी राहणारी माझी एक मैत्रीण तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. मिश्रीची सवय लहानपणापासूनची. आपल्या भागात ही सवय किती घरांत आहे, ते मी सांगायला नको. तिला तोंडाचा कर्करोग झाला, जिभेची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर विकिरणाचे उपचार सुरू झाले. मी मोठ्या प्रेमाने चिवडा, बेसनाचे लाडू आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन गेले. तिचे तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. गजऱ्याच्या वासाने तिला उमासा आला. तिने डबा हळूच नातवाकडे सरकवला. मला बरे वाटावे म्हणून ती हसली, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

ती खुणा करायची, घरच्यांना कळायचे नाही, मग डोळ्यांत पाणी. पुढच्या वेळी मी दगडी पाटी, पेन्सिल आणि ओले फडके घेऊन गेले. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. थरथरत्या हाताने तिने पहिला शब्द लिहिला, 'मीठ', आणि सुनेकडे बोट दाखवले. पेजेत रोज मीठ जास्त पडत होते आणि ते गिळताना तोंडातल्या जखमा झोंबत होत्या. तीन आठवडे ती हे सांगू पाहत होती.

तेव्हापासून मी आधी विचारते. काय हवे आहे ते आजाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारावे. त्यात कमीपणा नाही. केस साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतात, तेव्हा टोपी उपयोगी पडते. ती लोकरीची नको, टोचते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची उत्तम. काही जणांना तोंडात सतत धातूची चव येते, त्यांना आल्याची वडी चालते, पण डॉक्टरांना विचारून. पपनस मात्र नेऊ नका, काही औषधांशी त्याचे जमत नाही. कोणाच्या सांगण्यावरून काढे, भस्मे, पाल्याचे रस तर मुळीच नेऊ नका. आपल्या शाळेच्या कुंपणाला सदाफुली आहे. रक्ताच्या कर्करोगावर मुलांना देतात ते व्हिन्क्रिस्टिन हे औषध तिच्यापासूनच मिळते, १९६३ पासून ते वापरात आहे. पण म्हणून तिची पाने वाटून कोणी पाजली तर ते विष ठरेल. शास्त्रज्ञांनी मोजूनमापून काढलेला अंश वेगळा आणि घरचा रस वेगळा.

पालकांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडचे रुग्ण मिरज, कोल्हापूर, बेंगळुरूचे किदवई किंवा मुंबईच्या परळला १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय येथे जातात. बेळगावात के.एल.ई.च्या कर्करोग रुग्णालयाचे राष्ट्रपतींच्या हस्ते जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झाले, त्यामुळे काहींची धावपळ वाचेल. तरीही आई रुग्णालयात असते तेव्हा धाकट्या भावाचा डबा, म्हशीची धार, गिरणीतले दळण कोण पाहणार? बेंगळुरूला जाताना कन्नड वाचता-बोलता येणारा माणूस सोबत मिळाला तर अर्धी चिंता मिटते. दुसरे म्हणजे प्लेटलेट्स. त्या फक्त पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी मोठ्या भावांनी, वडिलांनी आपला रक्तगट आणि फोन नंबर त्या कुटुंबाकडे देऊन ठेवावा.

आणि विश्वस्त मंडळास नम्र विनंती. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात गैरहजेरीमुळे या मुलीचे नाव पटावरून कमी होऊ नये व फीचा तगादा लागू नये. तिला परत येण्यासाठी वर्ग हवा.

आता त्या मुलींचे सांगते. जमलेल्या पैशांतून त्यांनी तिच्या भावाच्या वह्या घेतल्या आणि एकीच्या आईने सुती साडीच्या दोन टोप्या शिवून दिल्या. रोज एकीने त्या दिवसाच्या नोट्स लिहायच्या आणि शनिवारी तिच्या वडिलांकडे द्यायच्या, असे ठरले. हजेरीत तिचे नाव रोज घेतले जाते आणि तिच्या बाकावरची मुलगी "घरी आहे, मॅडम" म्हणून उत्तर देते.

तिसऱ्या आठवड्यात तिची चिठ्ठी आली. गणित नीट लिहा, इतिहास थोडा कमी पाठवा आणि वर्गात कोण कोणाशी भांडले ते कोणीच का लिहीत नाही? त्या शनिवारपासून फाइलमध्ये एक जादा पान जाते. ते मला दाखवायचे नाही, असे मुलींनी आधीच बजावले आहे.