नाव बदलले, दही तेच

कोल्हापूरकरांना म्हशीच्या दुधाच्या दह्याची ओळख करून देण्याची गरज नाही. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातील जिवाणू दुग्धशर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आम्लाने दुधातील प्रथिन साकळते आणि दही लागते. अशा पदार्थांत कोणते जिवाणू आढळले, याच्या नोंदी आज संगणकीय माहितीसाठ्यांत एकत्र केल्या जातात. परंतु जिवाणूंची नावे कायम राहत नाहीत, आणि तेथेच खरी अडचण उद्भवते.

१८७३ मध्ये लिस्टर यांनी दुधातील एका जिवाणूला 'बॅक्टेरियम लॅक्टिस' म्हटले. तो पुढे 'स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस' झाला आणि १९८५ पासून 'लॅक्टोकॉकस लॅक्टिस' आहे. २०२० मध्ये तर जनुकसंचांच्या तुलनेवरून 'लॅक्टोबॅसिलस' या एकाच प्रजातीतील २६१ जातींची २५ प्रजातींत विभागणी झाली. त्यांपैकी २३ प्रजाती नव्या होत्या. 'लॅक्टोबॅसिलस प्लांटारम' हा 'लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम' झाला. दह्यातील 'लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी' मात्र जुन्याच प्रजातीत राहिला.

जुन्या व नव्या नोंदी तशाच शेजारी ठेवल्या, तर एकच जिवाणू दोनदा मोजला जाईल. दह्यातून लॅक्टोबॅसिलस कमी झाला, असाही निष्कर्ष कोणी काढील. प्रत्यक्षात दही बदललेले नसते. बदललेले असते ते नाव.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शाळेच्या कार्यालयात सापडते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला जनरल रजिस्टरमध्ये क्रमांक मिळतो. विवाहानंतर आडनाव बदललेली माजी विद्यार्थिनी वीस वर्षांनी दाखल्यासाठी आली, तरी त्या क्रमांकावरून तिची नोंद मिळते; जुने नाव कोणी खोडलेले नसते. माहितीसाठ्यातही हाच नियम पाळावा. संशोधकाने लिहिलेले मूळ नाव जसेच्या तसे ठेवावे. आजचे मान्य नाव वेगळ्या रकान्यात, ते कोणत्या सूचीतून व केव्हा घेतले या उल्लेखासह लिहावे. आणि दोन्ही एका स्थिर क्रमांकाने जोडावीत. अमेरिकेतील राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या सूचीत प्लांटारमचे नाव बदलले, पण त्याचा क्रमांक १५९० हाच राहिला.

एक पथ्य मात्र कठोरपणे पाळावे लागते. जुन्या अहवालात केवळ 'लॅक्टोबॅसिलस' एवढेच लिहिले असेल, तर तो जिवाणू आजच्या कोणत्या प्रजातीतला, हे अंदाजाने ठरवू नये. 'जुन्या, व्यापक अर्थाने' अशी खूण करून ती नोंद तशीच ठेवावी. शंका उरलीच, तर तिचे निरसन जिवंत नमुन्याच्या तपासणीने होऊ शकते. त्यासाठीच पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणी जिवाणूंचे वाण क्रमांकासह जपले जातात.

आपल्या शाळेतून सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही शिस्त पहिल्या प्रयोगवहीपासूनच अंगी बाणवावी. आज त्यांनी केलेली नोंद, उद्या नावे बदलल्यावरही, इतरांच्या उपयोगी पडली पाहिजे.