पार्सल जव्हारचं, हिशेब सीमेचा

गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं वारली चित्र पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून जव्हारच्या पोस्टात नेलं, की भाडं ठरतं वजनावर आणि अंतरावर. जीएसटीचं तसं नाही. तिथे विचारतात एवढंच : माल कुठल्या राज्यात चाललाय? पुण्यापेक्षा सिल्वासा जव्हारला कितीतरी जवळ, पण कायद्याच्या दृष्टीने पुणे घरचं आणि सिल्वासा परराज्य.

महाराष्ट्रातच विकणार असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांवर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर पहिल्याच पार्सलपासून लागते. सवलत आहे ती हस्तकलेला. हाताने काढलेलं चित्र किंवा बांबूची वस्तू तुम्ही स्वतः थेट विकत असाल, तर २० लाखांपर्यंत नोंदणीशिवाय परराज्यात पाठवता येते. मात्र पॅन हवं आणि ई-वे बिलही हवं, मग चित्र ८०० रुपयांचं का असेना. हे बिल ऑनलाइन, फुकट निघतं. पण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून देशभर विकायचं तर ही सवलतही नाही, नोंदणी करावीच लागते. फक्त राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक पुरतो.

नागलीचं बघा. पापडावर जीएसटी नाही; नुसते पापडच विकत असाल तर ते कुठेही पाठवा, नोंदणी नको. सुटं पीठही करमुक्त. तेच पीठ पाकिटात भरून लेबल लावलं की ५ टक्के, म्हणजे सुरतेला एक पाकीट पाठवायचं तरी नोंदणी आली.

जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क शून्य, उद्यम नोंदणीलाही शून्य. म्हणून कुणी ‘सरकारी फी’ म्हणून हजारभर मागितले तर पावती मागा. खरा खर्च मागून येतो : जीएसटी क्रमांक मिळाला की व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये लागू होतात, विक्री होवो न होवो. महिन्याला चार-पाच चित्रं विकणाऱ्या घराला ही रक्कम जड आहे. म्हणून माझा आग्रह असा, की आधी मुंबई, नाशिक, पुण्याची गिऱ्हाइकं धरा. क्रमांक मागाहून घ्या.

खाण्याच्या वस्तूंना छोट्या उद्योगाची अन्न नोंदणी हवी, वर्षाला १०० रुपये. पाकीटबंद मालासाठी वैधमापनशास्त्र खात्याकडे ५०० रुपये भरून नोंदणी करायची. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर असलाच पाहिजे.

आदिवासींना आयकर नाही, असं ऐकायला मिळतं. ती सूट ईशान्येकडची राज्यं आणि लडाख अशा ठरावीक भागांतल्या अनुसूचित जमातींना आहे, पालघरला नाही. पण छोट्या विक्रेत्याचं उत्पन्न बहुधा करमर्यादेच्या आतच राहतं.

जीएसटी क्रमांक घेतलाच, तर विक्री नसली तरी रिटर्न भरावं लागतं. चुकलं की शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. मोखाड्याच्या पाड्यांवर इंटरनेट मिळालं नाही, तर शून्य रिटर्न १४४०९ वर एसएमएस करून भरता येतं. आणि धंदा थांबवलात तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लगेच करा. तो करेपर्यंत रिटर्न भरायची जबाबदारी तुमच्याच नावावर राहते.