खांद्याचे पाते

मुलांनो, एक छोटा प्रयोग करून पाहा. पाठ वाकवून बसा. खांदे पुढे झुकवा. आता एक हात समोरून जितका वर जाईल तितका न्या. मग पाठ सरळ करा व तोच हात पुन्हा वर न्या. या वेळी तो अधिक सहज वर गेला ना? असे का होते, ते आपण पाहू.

आपल्या पाठीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक चपटे, त्रिकोणी हाड असते. त्याला खांद्याचे पाते किंवा अंसफलक म्हणतात. गळपट्टीच्या हाडाचा आधार सोडला, तर स्नायूच त्याला धरून ठेवतात. म्हणून ते बरगड्यांवरून सरकते व फिरते. हात पूर्ण वर नेताना तो सुमारे १८० अंश फिरतो. त्यांपैकी सुमारे ६० अंश या पात्याच्या फिरण्यामुळे मिळतात.

छातीतील एक लहान स्नायू बरगड्यांपासून निघून पात्याच्या पुढच्या टोकाला जोडलेला असतो. तो आखडला, की पाते पुढे कलते. मानेतील एक स्नायू पात्याच्या वरच्या कोपऱ्याला जोडलेला असतो. तो ताठ झाला, की पाते नीट फिरत नाही. मग हात वर नेताना खांद्यातील जागा कमी होते आणि तेथील कंडरा घासल्या जाऊ शकतात.

जरीकाम करणारे कारागीर अड्ड्यावर तासन्‌तास वाकून बसतात. अशा एखाद्या कारागिराला त्याचा मुलगा म्हणतो, "अब्बा, फळीवरचा डबा काढून द्या." अब्बांचा हात अर्ध्यावरच थांबतो. ते कंटाळा करत नाहीत; त्यांचा खांदा त्यांना अडवतो. मांडीवर वही घेऊन वाकून लिहिणाऱ्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे.

यावर सोपा उपाय आहे. अधूनमधून उठा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापर्यंत टेकवा आणि एक पाऊल पुढे टाका. छातीवर हलका ताण येईल. वीस सेकंद तसेच थांबा. नंतर मान एकेका बाजूला हळूच झुकवा. झटका मात्र देऊ नका. खांद्याच्या दुखण्याची इतर कारणेही असतात. म्हणून दुखणे थांबले नाही किंवा हाताला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

आज घरी गेल्यावर हा व्यायाम घरातल्या मोठ्यांनाही शिकवा.

स्वाध्याय
१. खांद्याच्या पात्याला कोण धरून ठेवते?
२. छातीचा स्नायू आखडल्यास काय होते?
३. अब्बांचा हात अर्ध्यावर का थांबला?