पॉझिटिव्ह आलं, तर सांगून टाका

"टेस्ट नको हो. उगाच पॉझिटिव्ह आलं तर?"

हे वाक्य डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात इतक्या आईवडिलांच्या तोंडून ऐकलं आहे, की आज त्यावरच तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मूल तापानं फणफणलेलं असतं, घरात सत्तरीच्या आजी असतात, खालच्या मेडिकलमध्ये कोविडचं किट मिळत असतं, तरी हात पुढे होत नाही. तुम्ही बेफिकीर आहात असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला आजारापेक्षा रिपोर्टची भीती जास्त वाटते. शाळा काय म्हणेल, सोसायटीच्या ग्रुपवर काय सुरू होईल, व्हॅनवाले काका घ्यायला येतील का, दहावीचं वर्ष आहे, क्लास बुडेल. ही सगळी काळजी खरी आहे आणि ती कुठून आली तेही आपल्याला ठाऊक आहे.

२०२० आठवा. एक रुग्ण सापडला की अख्खी इमारत सील व्हायची, दारावर कागद लागायचा. घरच्यांना भिवंडी बायपासजवळच्या टाटा आमंत्रातल्या विलगीकरण केंद्रात नेलं जायचं आणि रुग्णवाहिकेत चढताना समोरच्या गॅलऱ्यांमधून माणसं बघत असायची. मे महिन्यात तर कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आदेश काढला होता, की मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांनी रोज ये-जा न करता मुंबईतच राहावं. विरोध झाल्यावर तो थांबवावा लागला. पण त्या काही दिवसांत परिचारिका, पोलिस, बेस्टचे कंडक्टर यांच्या घरांकडे लोक कोणत्या नजरेनं बघत होते, ते त्यांच्या मुलांनी पाहिलं. जुलैत ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत २ तारखेपासून पुन्हा कडक टाळेबंदी लागली, ती वाढत वाढत १९ तारखेपर्यंत गेली. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली मुलं आज मोठ्या वर्गात आहेत. पॉझिटिव्ह येणं म्हणजे काहीतरी लपवण्यासारखं, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते त्यांनी आपल्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

आता डोंबिवलीतलीच दुसरी गोष्ट सांगते. ४ डिसेंबर २०२१ रोजी बातमी आली, की महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीचा आहे. परदेशात कामाला असलेला एक तरुण केप टाऊनहून दुबई, दिल्ली करत नोव्हेंबरअखेरीस घरी आला होता. दिल्ली विमानतळावर त्यानं नमुना दिला होता. त्रास म्हणाल तर अगदी सौम्य, थोडा ताप. चाचणी झालीच नसती तर तो ताप प्रवासाच्या दगदगीवर ढकलला गेला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. चाचणी झाली होती म्हणून पालिकेला त्याच्या घरच्यांपर्यंत आणि निकट संपर्कातल्या माणसांपर्यंत पोचता आलं. त्या सगळ्यांच्या चाचण्या झाल्या, निगेटिव्ह आल्या. काही दिवसांत तो बरा होऊन घरी गेला. टीव्हीवर दोन दिवस डोंबिवलीच्या नावाचा गजर चालला होता, पण प्रत्यक्षात जे घडलं ते शांतपणे, नीट घडलं. कोणीतरी वेळेवर नाकात काडी घालून घेतली, इतकंच त्याचं मूळ होतं.

तेव्हा पहिली विनंती ही, की चाचणीकडे निकालपत्र म्हणून पाहू नका. चाचणीनं मूल नापास होत नाही आणि तुम्हीही होत नाही. आज रात्री आजींनी कुठल्या खोलीत झोपायचं, उद्या शाळेत पाठवायचं की नाही, डॉक्टरांना कधी फोन करायचा, एवढंच ती सांगते.

आणि ही सोय आपल्याला फुकट मिळालेली नाही. साथीच्या सुरुवातीला किट बाहेरून यायची. पुण्याच्या मायलॅब कंपनीतल्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या गटानं देशी आरटीपीसीआर किट सहा आठवड्यांत तयार केलं, तेव्हा त्या गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. १८ मार्च २०२० रोजी किट तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. तेव्हा खासगी प्रयोगशाळेतल्या चाचणीची कमाल किंमत साडेचार हजार रुपये होती. महाराष्ट्रात ती जून २०२० मध्ये २,२०० वर, मार्च २०२१ मध्ये ५०० वर आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० वर आली. घरी करायच्या अँटिजेन किटला मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मान्यता मिळाली, तेही मायलॅबचंच होतं. एका आईनं बाळंतपण तोंडावर असताना ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते आपण लोकलाजेपायी वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अर्थात शिंक आली की टेस्ट, असंही नको. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यात नायडू रुग्णालयाबाहेर आईवडील मुलांना कडेवर घेऊन तासन्‌तास रांगेत उभे होते. त्या वेळी सौम्य ताप-खोकल्याला चाचणीची गरज नाही, असं सरकारी सूचनांमध्ये सांगितलेलं होतं. त्या रांगेत निरोगी मुलाला आजारी मुलाशेजारी उभं करण्याचाच धोका अधिक. जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआरनंही सांगितलं, की लक्षणं नसलेल्या आणि वयानं किंवा जुन्या आजारानं जोखमीत नसलेल्या संपर्कातल्या माणसाला चाचणी लागत नाही. मग कधी करायची? मुलाला लक्षणं आहेत आणि साथ सुरू आहे तेव्हा. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायलिसिसचा किंवा कॅन्सरचा रुग्ण असेल तेव्हा जास्तच लवकर.

घरच्या अँटिजेन किटचं एक लक्षात ठेवा. विषाणू भरपूर असतो त्या पहिल्या काही दिवसांतच ते चांगलं सांगतं. दोन रेघा आल्या तर शंका घेत बसू नका. एकच रेघ आली आणि मूल मात्र तापलेलंच आहे, तर त्या एका रेघेवर विसंबून त्याला वाढदिवसाला नेऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा करा किंवा आरटीपीसीआर करून घ्या. ताप असूनही अँटिजेन निगेटिव्ह आलेल्यांची आरटीपीसीआर करावी, हे आयसीएमआर २०२० पासून सांगत आली आहे. उलट बरं झाल्यावर निगेटिव्ह दाखवा म्हणून कोणी अडून बसलं, तर त्यांना सांगा, की आरटीपीसीआर माणूस बरा झाल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यात विषाणूचे मेलेले तुकडे सापडत असतात. शाळांनी असे दाखले मागू नयेत.

आता स्वॅबचं. इथे जरा थांबते, कारण मुलांच्या मनातली खरी भीती इथे असते आणि ती बहुतेक वेळा आपणच घातलेली असते. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर नाकात काडी घालतील" असं ज्या मुलाला पूर्वी ऐकवलं आहे, ते मूल पुढे स्वॅबला हात लावू देणार नाही. "काही होत नाही" असंही सांगू नका, कारण होतं. नाकात गुदगुल्यांसारखं, मग थोडं झोंबल्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी येतं. तसंच सांगा. लहान मुलाला मांडीवर घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून आणि दुसरा कपाळावर. मान मागे फेकायची नाही, अगदी किंचित वर. दहा आकडे मोठ्यानं मोजायला लावा. घरचं किट असेल तर काडी किती आत घालायची, किती वेळा फिरवायची आणि किती मिनिटांनी बघायचं हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आधी वाचा, मूल मांडीवर आल्यावर नव्हे. कागदावर दिलेल्या वयाखालच्या मुलाला ते किट वापरू नका. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ धरायची नसते. रात्री कचऱ्यात टाकताना दुसरी रेघ दिसली म्हणून हवालदिल होऊ नका.

मास्कबद्दल थोडक्यात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली जमेल तसा वापरावा आणि बारापासून पुढे मोठ्यांसारखाच, असं केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं जून २०२१ मध्ये सांगितलं. धावताना, खेळताना नको. ओला झाला की बदला. समोर झडप असलेला एन-९५ घेऊ नका: घालणाऱ्याचा श्वास तो गाळल्याशिवाय बाहेर सोडतो, म्हणजे आजारी मुलानं तो घातला तर जवळच्या आजींना त्याचा उपयोग नाही.

पण आपल्या भागात मुलाचा मास्क ही दुसरी गोष्ट आहे. पहिला मास्क तुमचा. डोंबिवली, कल्याण, ठाणे ही गाड्यांवर जगणारी गावं. २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस झालेल्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा कित्येक घरांची चूल नीट पेटली. त्या डब्यात अंतर ठेवा असं सांगणं मला जमत नाही, कारण सकाळच्या फास्टमध्ये अंतर नावाची वस्तू नसते. तिथे फक्त तुमचा नीट बसलेला मास्क असतो, नाकावरची पट्टी दाबलेली, हनुवटीखाली ओढलेला. साथीच्या दिवसांत डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत तो काढू नका आणि फोनवर बोलण्यासाठी तर मुळीच नको. घरी आल्यावर साबणानं हात धुऊन मगच लेकराला उचला. दारात धावत आलेल्या मुलाला थोपवणं जड जातं, मान्य आहे. पण संसर्ग शाळेतूनच आला असं आपण म्हणतो, तेव्हा तो कधीकधी आपल्याच खांद्यावरच्या बॅगेबरोबर आलेला असतो.

एका खोलीच्या घरात वेगळं कसं राहायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पूर्ण वेगळं राहता येत नाही. खिडकी उघडी ठेवता येते, पंख्याचं तोंड खिडकीकडे वळवता येतं, आजारी मुलाला खिडकीजवळ आणि आजींना दुसऱ्या टोकाला झोपवता येतं, मुलाजवळ एकाच माणसानं मास्क लावून बसता येतं. शेजारच्या घरात आजींची चार दिवस सोय होत असेल, तर संकोच न करता विचारा. बहुतेक शेजारी हो म्हणतात, पण विचारायला आधी सांगावं लागतं.

ताप उतरत असेल, मूल अधूनमधून खेळत असेल, पाणी-पेज पोटात जात असेल, तर घरीच सांभाळा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांहून लहान बाळाचे साठ किंवा जास्त, एक वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस, त्यापुढे तीस किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडत असला, ओठ निळसर दिसले, मूल गुंगीत राहिलं, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा आला, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. आणि मूल बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा सलग ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटात दुखणं असं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना आठवणीनं सांगा, की मध्यंतरी कोविड होऊन गेला होता. हे सांगायला मुळात तेव्हा चाचणी केलेली असावी लागते.

मे २०२५ मध्ये ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत पुन्हा रुग्ण सापडू लागले, तेव्हा "टेस्ट नको हो" ऐकू येऊ लागलंच. शाळांना माझी एक कळकळीची विनंती आहे: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्या एका प्रमाणपत्रापायी मूल तापाचं औषध घेऊन पहिल्या बाकावर बसतं, आणि त्याच्या आईला आपण चांगलं केलं असं वाटतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर निरोप साधा असू द्या. "आमच्या मुलाला कोविड झाला आहे. त्रास सौम्य आहे. परवापर्यंत तो वर्गात आणि व्हॅनमध्ये होता. तुमच्या मुलांना ताप आला तर लक्ष ठेवा. काही दिवस आम्ही घरी आहोत, दूध दारात ठेवून जाल का?" वर्गशिक्षिकेला, व्हॅनवाल्या काकांना, खेळणाऱ्या दोन-तीन मित्रांच्या घरी तुम्हीच फोन करा. हा फोन मुलासमोर करा, आत जाऊन दबक्या आवाजात नको. आणि असा निरोप तुम्हाला आला, तर "बरं झालं सांगितलंत" म्हणा, एवढंच करा.

एक प्रश्न मात्र येतो आणि त्याला तयार राहा. घरात पुढे आजी आजारी पडल्या, की मूल विचारतं, "माझ्यामुळे झालं का?" काही मुलं विचारतही नाहीत, नुसती जेवायची थांबतात. तेव्हा "तसं काही नाही" म्हणून विषय बदलू नका, त्याला ते खोटं कळतं. त्याला सांगा, की विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जातो, तो तुझ्यातही कुणाकडून तरी आला होता आणि त्या माणसानंही तो मुद्दाम दिला नव्हता. सांगा, की तू नाकात काडी घालून घेतलीस म्हणून आपल्याला लवकर कळलं, आजीला डॉक्टर लवकर बघू शकले. आणि आजी दवाखान्यात असतील तर त्यांनाच व्हिडिओ कॉल लावून द्या. आजींच्या तोंडून ऐकलं, की मुलाला लवकर पटतं.