वैद्यांचे लेखन : गुणवत्ता, मर्यादा आणि मानधन



चिकित्सालयात दिवसभर बोलून आपण जे समजावितो, ते त्या रुग्णापुरते राहते. तेच नीट लिहिले तर शेकडो घरी पोहोचते. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, आकाशवाणी, प्रकाशक, औषधिनिर्माते व विद्यार्थी अशा सर्वांना आज आयुर्वेदावरील लेखन हवे आहे आणि त्यापैकी काहींची योग्य मोबदला देण्याचीही तयारी असते. असे असूनही ग्रामीण भागातील आपला वैद्य लेखणीपासून दूर राहतो. 'आम्हाला लिहिता येत नाही' किंवा 'लिहून काय मिळते ?' ही दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार करण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

१. आपली परंपरा

मराठीतून आयुर्वेद लिहिण्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' ग्रंथाद्वारे घरोघरी वनौषधींचे ज्ञान पोहोचविले. १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे हेच पदेशास्त्री होत. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'ने अष्टांगहृदय मराठी वाचकांच्या हाती दिले. वेणीमाधवशास्त्री जोशी व नारायण हरी जोशी यांचा 'आयुर्वेदीय शब्दकोश' १९६८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. अलीकडच्या काळात वैद्य प. य. खडीवाले (निधन २०१७) यांनी वृत्तपत्रीय लेखांतून व पुस्तकांतून, तर डॉ. बालाजी तांबे (निधन २०२१) यांनी 'सकाळ'च्या 'फॅमिली डॉक्टर' पुरवणीतून आणि गर्भसंस्कारावरील ग्रंथातून फार मोठा वाचकवर्ग मिळविला. यांची मते व पद्धती भिन्न होत्या. मात्र सातत्य आणि वाचकाची नेमकी ओळख हे दोन गुण सर्वांत समान आढळतात.

२. चांगल्या लेखनाची कसोटी

लेखनकलेचे धडे बाहेर शोधण्याची वैद्याला गरज नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्यांनी अध्ययनासाठी ग्रंथ कसा निवडावा हे सांगितले आहे. पुनरुक्ती नसावी, शब्द क्लिष्ट वा ग्राम्य नसावेत, अर्थ क्रमाने यावा, प्रकरणांची सरमिसळ नसावी, वाचताच बोध व्हावा आणि लक्षणांसह उदाहरणे असावीत, हा त्याचा सारांश. सिद्धिस्थानाच्या अखेरीस आलेल्या छत्तीस तंत्रयुक्ती म्हणजे तर लेखनाचे शास्त्रच होय. आपला लेख लिहून झाला की या कसोट्या एकेक करून लावून पाहाव्यात.

एक उदाहरण घेऊ. मोहाडी तालुका धानाचा. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम करणाऱ्या स्त्रियांना चिखल्या होतात. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगात 'अलस' या नावाने याच व्याधीचे वर्णन केले असून दूषित चिखलाचा संपर्क हे कारण आणि बोटांमधील क्लेद, कंडू, दाह व वेदना ही लक्षणे सांगितली आहेत. यावर लिहिताना एखादा वैद्य आरंभ करील : 'कर्दमसंपर्कजन्य क्लेदाने त्वग्गत दोषप्रकोप होऊन कंडूदाहादि लक्षणे उत्पन्न होतात.' हे वाक्य चुकीचे नाही. पण ज्या शेतकरी भगिनीसाठी लेख आहे, ती येथेच वाचणे सोडून देईल. त्याऐवजी असे लिहावे : 'रोवणीहून घरी आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. बेचक्यांत खाज व आग होऊन कातडी पांढरी पडली, तर चिखल्या झाल्या असे समजावे. मधुमेह असणाऱ्यांनी घरगुती उपचारात दिवस घालवू नयेत.' अलस हा शब्द व सुश्रुताचा दाखला त्यानंतर आला, तर वाचक तो आदराने वाचतो.

३. लेखनाचे प्रकार व त्यांची पद्धती

(अ) वृत्तपत्रीय सदर : नागपूरहून निघणाऱ्या दैनिकांच्या आरोग्यविषयक पुरवण्या हा आपल्या भागातील वैद्यांना जवळचा मार्ग आहे. एका लेखात एकच विषय, चारशे ते सहाशे शब्द आणि ऋतूच्या पंधरा दिवस आधी लेख संपादकांच्या हाती, हे तीन नियम पाळावेत. उन्हाळ्यात ऊन लागणे, पावसाळ्यात अग्निमांद्य व चिखल्या, हिवाळ्यात पायांच्या भेगा असे वर्षाचे वेळापत्रक आधीच आखून ठेवावे. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ खाण्यात असते. ती दीर्घकाळ व अतिप्रमाणात खाल्ल्याने येणारे पंगुत्व आणि सुश्रुताच्या वातव्याधिनिदानातील कलायखंज यांची तुलना हा असाच विषय आहे. तो आपल्या मातीतील वैद्यानेच लिहावा.

(आ) आकाशवाणीवरील भाषण : हे लेखन कानासाठी असते. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द धरून संहिता तयार करावी. वाक्ये लहान ठेवावीत आणि महत्त्वाचा मुद्दा दोनदा सांगावा. ध्वनिचित्रफितीच्या संहितेलाही हाच नियम लागू पडतो.

(इ) रुग्णवृत्त : यातून पैसा मिळत नाही, पण वैद्याची शास्त्रीय प्रतिष्ठा यातूनच वाढते. रुग्णाची लेखी संमती, निदानाचा आधार, औषधाची मात्रा, काल व अनुपान, सोबत चालू असलेली अन्य औषधे, उपचारापूर्वीचे व नंतरचे तपासणी अहवाल आणि न आलेला गुण, हे सर्व त्यात यावे. याविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'केअर' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूची जवळ ठेवावी. शुल्क घेऊन चार दिवसांत कोणतेही परीक्षण न करता लेख छापण्याचे आश्वासन देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

(ई) अनुवाद व विद्यार्थ्यांसाठी लेखन : संस्कृत येणाऱ्या वैद्यांस येथे मोठा वाव आहे. मूळ संहितांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु त्यांच्या अलीकडील अनुवादांवर व टिप्पणींवर तो असतो. दुसऱ्याचा मराठी अर्थ उचलून आपल्या नावावर छापणे हा कायद्याने अपराध आहे व शास्त्राशीही द्रोह आहे.

४. काय लिहू नये

या मुद्द्यावर आम्ही थोडे अधिक थांबू इच्छितो. पायांच्या भेगांवर बिब्बा लावून पाय सुजलेले, फोड आलेले रुग्ण आमच्याकडे येतात. त्यांपैकी एका शेतकऱ्याने खिशातून एका लेखाचे कात्रण काढून दाखविले. त्यात 'शुद्ध बिब्बा वापरावा' असे छापले होते. लेखक वैद्याच्या मनात 'शुद्ध' म्हणजे शोधनसंस्कार केलेला. शेतकऱ्याने अर्थ घेतला भेसळ नसलेला, झाडावरून काढलेला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि भोगावे लागले ते रुग्णाला. परिभाषेतील शब्द व्यवहारातही प्रचलित असेल, तेव्हा लेखकाने दुप्पट सावध असावे. शुद्ध, भस्म, विष, मात्रा, वायू हे सर्व शब्द असेच आहेत.

म्हणून सामान्य वाचकांच्या लेखात ऋतुचर्या, आहार, पथ्यापथ्य, वनस्पतींची ओळख आणि 'वैद्याकडे केव्हा जावे' हे अवश्य लिहावे. भल्लातक, वत्सनाभ, कुचला, गुंजा, धत्तूर यांसारखी द्रव्ये तसेच पारदादि रसकल्प यांची मात्रा व कृती मात्र तेथे देऊ नये. त्यांचे स्थान अशा त्रैमासिकात, वैद्यांसाठीच्या लेखनात आहे.

५. औषधाचे माहितीपत्रक

औषधशाळांच्या मालकांना माहितीपत्रके व वेष्टनावरील मजकूर लिहून देणे हा वैद्यांसाठी उत्पन्नाचा वाढता मार्ग आहे. येथे 'औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४' लेखक व निर्माता या दोघांनीही वाचलेला असावा. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मूतखडा, स्थूलता, पक्षाघात, स्त्रियांचे वंध्यत्व इत्यादी व्याधी आहेत. त्यांवर अमुक औषध गुणकारी असल्याची जाहिरात करता येत नाही. वेष्टन, परिपत्रक व चिठ्ठी हीसुद्धा या कायद्यात जाहिरातच ठरतात. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच विषयावर शास्त्रीय दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ग्रंथास कायद्याने सूट दिली आहे. लेख आणि जाहिरात यांतील सीमारेषा अशी स्पष्ट असल्याने लेखाच्या रूपात जाहिरात लिहून देण्याचा मोह टाळावा.

चांगल्या माहितीपत्रकात घटकद्रव्ये, त्यांची प्रमाणे, ग्रंथाधार, मात्रा, अनुपान, निषेध आणि साठवणुकीची रीत असते. 'शंभर टक्के खात्री', 'दुष्परिणाम नाहीत' ही वाक्ये गाळली, तर उरलेला मजकूर अधिक विश्वासार्ह वाटतो, हे निर्मात्यांनीही ध्यानात घ्यावे. लेखकाने मोबदला मजकुराच्या पानांवर ठरवावा, औषधाच्या खपावर ठरवू नये. खपात वाटा घेणाऱ्या लेखणीला निषेधाचे वाक्य लिहिणे जड जाते. तसेच एखाद्या निर्मात्याकडून मानधन घेतले असेल, तर त्याच्या औषधाविषयीच्या प्रत्येक लेखाअखेर तसे नमूद करावे.

६. मानधन, करार व हिशेब

सदराचे मानधन बहुधा अल्प असते. त्याचा खरा लाभ पुढे होतो. पन्नास लेख साठले की पुस्तकाचा कच्चा मजकूर तयार होतो. मात्र लेख देतानाच पुस्तकाचे हक्क आपल्याकडे राहतील असे लेखी ठरवून घ्यावे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते मानले जाते. 'सर्व हक्क कायमचे' या शब्दांवर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

पुस्तकाचे गणित सोपे आहे. किंमत २०० रुपये, प्रती १०००, स्वामित्वशुल्क १० टक्के असे धरल्यास सर्व प्रती संपल्यावर लेखकाला २०,००० रुपये मिळतात. स्वतः प्रकाशन केल्यास प्रतिमागे लाभ वाढतो. पण छपाई, विक्रेत्यांची सूट आणि न खपलेल्या प्रती हा भारही लेखकावरच पडतो. पहिले पुस्तक स्वतः काढायचे असल्यास ३०० प्रतींपासून आरंभ करावा. ग्रंथक्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. लेखनाची प्रत्येक प्राप्ती चिकित्सालयाच्या उत्पन्नापासून वेगळी नोंदवावी व करविवरणात दाखवावी.

७. तीन महिन्यांचा अभ्यास

पहिल्या महिन्यात रोज एका रुग्णाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहावा व त्याचे उत्तर पाच ओळींत द्यावे. दुसऱ्या महिन्यात त्यांतील चार प्रश्नांचे पाचशे शब्दांचे लेख करावेत आणि वैद्यकाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीस मोठ्याने वाचावयास सांगावेत. ती जेथे अडखळेल तेथे वाक्य बदलावे, वाचकाला दोष देऊ नये. तिसऱ्या महिन्यात एक लेख दैनिकाकडे, एक आकाशवाणीकडे व एक रुग्णवृत्त आपल्या त्रैमासिकाकडे पाठवावे. लेख परत आला तर सुधारून अन्यत्र पाठवावा.

लेखन हे चिकित्सेला पर्याय नाही व त्यातून चिकित्सालयाइतके उत्पन्न आरंभी होणारही नाही. तथापि जो वैद्य आपल्या परिसरातील व्याधी, तेथील अन्न आणि तेथील शब्द यांवर नेमके लिहितो, त्याला वाचक, संपादक व निर्माते हळूहळू स्वतःहून शोधत येतात, असा आमचा अनुभव आहे. वैद्यबंधुभगिनींनी या सूचनांचा विचार करून लेखणी हाती घ्यावी, ही विनंती.