मातीचे सोने

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत लोणच्याची बरणी असते. तिला चिनी मातीची बरणी असे म्हणतात. ही बरणी जाड व भक्कम असते. परंतु अस्सल चिनी मातीचे पात्र इतके तलम असते, की उजेडासमोर धरले असता त्यातून प्रकाश पाझरतो आणि नखाने टिचकी मारली असता घंटेसारखा नाद उमटतो. असे पात्र घडविण्याची विद्या प्रथम चीन देशाने हस्तगत केली. म्हणूनच त्या देशाचे नाव ह्या मातीस चिकटले.

ह्या विद्येचे मर्म दोन पदार्थांच्या संयोगात आहे. पहिला पदार्थ म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती. चीनमधील जिंगडेझेन शहराजवळच्या गाओलिंग टेकडीवरून तिला हे नाव पडले. ही माती प्रखर आचेतही आपला आकार सोडत नाही. दुसरा पदार्थ म्हणजे एका विशिष्ट दगडाची पूड. भट्टीतील उष्णता १,३०० अंशांच्या आसपास पोहोचली, की ही पूड काचेप्रमाणे वितळते व मातीच्या कणांमधील पोकळी भरून काढते. एकाने देह द्यावा आणि दुसऱ्याने तेज द्यावे, असा हा संयोग होय. सतराव्या शतकात अशी लक्षावधी पात्रे जहाजांतून युरोपात गेली. तेथील राजेरजवाडे त्यांसाठी वाटेल ते मोल देत. परंतु तशी अस्सल पात्रे घडविणे युरोपात कोणालाही साधले नव्हते.

जर्मनीतील सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस हा अशा संग्राहकांचा शिरोमणी होता. ड्रेस्डेन ही त्याची राजधानी. चिनी मातीचा छंद हा आपल्याला जडलेला रोगच आहे, असे तो स्वतःच म्हणे. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० शिपाई दिले व त्यांच्या मोबदल्यात १५१ पात्रे घेतली. सुमारे चार माणसांस एक पात्र, असा हा हिशेब पडला! प्रशियाच्या सैन्यात त्या शिपायांच्या पलटणीस पुढे 'चिनी मातीची पलटण' असे नाव पडले.

ह्या छंदाची झळ त्याहीपूर्वी एका तरुणास लागली होती. योहान बॉटगर हा बर्लिन येथे एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली काम शिकत होता. आपण हलक्या धातूचे सोने करू शकतो, अशी बढाई त्याने मारली. ती प्रशियाच्या राजाच्या कानी गेली. तेव्हा १७०१ साली तो जीव मुठीत धरून सॅक्सनीत पळाला. परंतु तेथे ऑगस्टसने त्याला बंदीत टाकले. राजाला सोने हवे होते आणि सोने काही होईना. बॉटगरने पळून जाण्याचा प्रयत्न केला. पण तो पकडला गेला. अखेरीस चिर्नहाउस नावाच्या विद्वानाने त्याला निराळ्या मार्गास लावले. सोन्याचा नाद सोडून दोघेही चिनी मातीच्या शोधास लागले. धूर आणि धग यांची पर्वा न करता बॉटगर भट्टीपाशी राबला. नाना प्रकारच्या माती व दगड त्याने भाजून पाहिले. १५ जानेवारी १७०८ रोजी नोंदविलेल्या प्रयोगात काही मिश्रणे भट्टीतून शुभ्र व अर्धपारदर्शक होऊन निघाली. त्याच वर्षी चिर्नहाउसचा अंत झाला.

१७१० साली माइसेन गावातील टेकडीवरच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. गुपित बाहेर फुटू नये, म्हणून ही जागा निवडण्यात आली होती. तरीही काही वर्षांतच ते व्हिएन्ना नगरीस जाऊन पोहोचले. बॉटगरला १७१४ साली मुक्तता मिळाली. परंतु त्याची प्रकृती ढासळली होती. १७१९ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, तो मरण पावला. त्याला सोने करता आले नाही. पण त्याने मातीचे सोने केले.

पुढे १७३१ साली केंडलर नावाचा तरुण शिल्पकार माइसेनला आला. मेजवानीच्या मेजावर तोवर साखरेच्या बाहुल्या मांडीत. केंडलरने त्यांच्या जागी चिनी मातीच्या चिमुकल्या मूर्ती आणल्या. त्याने राजेराण्याच नव्हे, तर मेंढपाळ, विदूषक, खाणकामगार आणि रस्त्यावरचे फेरीवाले यांनाही मूर्तिरूप दिले. वाद्ये वाजविणाऱ्या माकडांचा त्याचा ताफा आजही पाहणाऱ्यास हसवितो. अशा मूर्तीचे हात, पाय, मस्तक निरनिराळ्या साच्यांत काढून मातीच्या पातळ रबडीने जोडीत. भट्टीत मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने आकसते. त्या वेळी एखादा सांधा उकलला किंवा देहास तडा गेला, तर सर्व श्रम मातीमोल होत.

म्हणून जाणता संग्राहक मूर्तीच्या केवळ रूपास भुलत नाही. तो प्रथम ती उलटी करून तिचा तळ पाहतो. माइसेनच्या मूर्तीवर निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण असते. परंतु ह्या खुणेचीही पुष्कळांनी नक्कल केली. तेव्हा घडण, रंग आणि झिलई यांचीही तो पारख करतो. ऑगस्टसच्या संग्रहातील वस्तूंवर क्रमांक घालण्यात आले होते. त्यांवरून त्या वस्तू आजही ओळखता येतात.

१९४५ च्या फेब्रुवारीत बाँबवर्षावाने ड्रेस्डेन शहर बेचिराख झाले. संग्रहातील बऱ्याच वस्तू आधीच दूरच्या किल्ल्यांत हलविल्या होत्या, म्हणून त्या बचावल्या. युद्धानंतर त्या सोव्हिएत संघात नेण्यात आल्या आणि १९५८ साली परत आल्या. ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातील ह्या संग्रहात आज सुमारे २०,००० वस्तू आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहातील चिनी मातीच्या वस्तू आहेत.

सहाशे शिपायांच्या मोबदल्यात आलेली काही पात्रे ड्रेस्डेनला अजूनही उभी आहेत. त्यांच्या सौंदर्याने मन प्रसन्न होते. परंतु त्या सौंदर्यासाठी कोणी काय सोसले, याचे स्मरण जो ठेवतो, त्यालाच ती पात्रे खऱ्या अर्थाने पाहता आली, असे म्हणावे लागेल.

अभ्यास

१. चिनी माती हे नाव कशावरून पडले?
२. केओलिन व दगडाची पूड यांपैकी प्रत्येकाचे कार्य कोणते?
३. बॉटगरने 'मातीचे सोने केले' असे का म्हटले आहे?
४. जाणता संग्राहक मूर्तीची पारख कशी करतो?
५. जीव मुठीत धरणे, मातीमोल होणे, बेचिराख होणे — यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. ६०० शिपाई देऊन १५१ पात्रे घेणाऱ्या राजाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.